पाणपोईपासून सिकलसेलपर्यंत : आमच्या मंडळीच्या सेवा समितीच्या नोंदी, उन्हाळा 2024

बल्लारपूर, जिल्हा चंद्रपूर. मंडळी (म्हणजे चर्चचे सभासद) बाप्टिस्ट, लहान, घरात तेलुगू आणि दारात मराठी बोलणारी. बहुतेकांचे आजे-पणजे कोळसा खाणी, रेल्वे आणि पेपर मिलच्या कामाला तेलुगू मुलुखातून आले ते इथलेच झाले. समितीचा सचिव म्हणून नोंदवही माझ्याकडे असते. ती इथे थोडी झाडून-पुसून उतरवली आहे.

17 मार्च, रविवार

उपासनेनंतर सभासदांची सभा. विषय एकच, पाणपोई. आमच्यात वरून हुकूम द्यायला बिशप नाही. प्रत्येक मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र, त्यामुळे रांजण कुठे ठेवायचा हेही हात वर करूनच ठरतं. वेळ जातो, पण नंतर कुणी 'मला विचारलं नव्हतं' म्हणू शकत नाही.

जागेवर पाच मिनिटांत एकमत झालं : स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, ऑटो स्टँडच्या अलीकडे, कडुनिंबाखाली. खरी चर्चा पाटीवर झाली. तरुण संघाला पाटीवर मत्तय 10:42 हवं होतं, गार पाण्याच्या प्याल्याचं वचन. पाण्याशेजारी पत्रकांचा गठ्ठाही ठेवू म्हणाले. डीकनांपैकी (मंडळीने निवडलेले सेवक) दोघे त्यांच्या बाजूचे. पास्टर गप्प बसून होते.

मग मागच्या बाकावरून अक्का उठल्या. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, माहेर आंध्रातल्या ओंगोलकडचं. त्यांनी जॉन क्लफ यांची हकीकत सांगितली. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ. ओंगोलच्या या बाप्टिस्ट मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचा ठेका घेतला, उपाशी माणसांच्या हाताला काम आणि मजुरी दिली, आणि दुष्काळाचं काम चालू असेपर्यंत बाप्तिस्मे देणं थांबवलं. भाकरीसाठी आला की विश्वासाने, हे कळायला मार्ग नाही म्हणून. दुष्काळ सरल्यावर 3 जुलै 1878 ला गुंडलकम्मा नदीत एका दिवसात 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला. हा आकडा आमच्या घराघरात पोरांना पाठ असतो. आधीचं थांबणं मात्र कुणी सांगत नाही, असं म्हणून अक्का खाली बसल्या.

मतदान घेतलं. पाटीवर 'पिण्याचे पाणी' एवढंच, मराठी, तेलुगू आणि हिंदीत. पत्रकं नाहीत. खाली बारीक अक्षरात मंडळीचं नाव. तेही मला नको होतं, पण नगर परिषदेला जबाबदार कोण ते लागतं.

21 मार्च, गुरुवार

परवानगीचा अर्ज दिला. लोकसभेची आचारसंहिता 16 तारखेपासून लागली आहे आणि आपलं मतदान पहिल्याच टप्प्यात, 19 एप्रिलला. त्यामुळे रस्त्यावर चार बांबू रोवायचे तरी दहा प्रश्न. कुणाचा फोटो लावणार का, उद्घाटनाला कोण येणार, मंडपाच्या कापडाचा रंग कोणता. उद्घाटनच नाही म्हटल्यावर समोरच्या बाबूला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. मंडपाला कापड नकोच, तुराट्यांचा ताटवा (आडोसा) आणि वर ओलं बारदान. परवानगी मिळाली.

29 मार्च, शुक्रवार

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. दुपारी तीन तासांची उपासना, कुलर दोन्ही चालू असूनही अंगातून घाम निथळत होता. आजचं अर्पण पाणपोईसाठी. आमच्या कामाला बाहेरचा पैसा येत नाही आणि मागायचाही नाही असं पूर्वीच ठरलं आहे. त्यामुळे हिशेब एका वहीत मावतो. कुंभाराकडून तीन रांजण आणले, त्याने एक पैसा कमी केला नाही. बरोबरच आहे, त्याचाही हाच सीझन.

31 मार्च, रविवार

ईस्टर. पहाटेच्या उपासनेनंतर दोन तरुणांचा बाप्तिस्मा. आमच्याकडे डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत, अख्खा माणूस पाण्यात बुडवतात, म्हणून हौद गळ्यापर्यंत भरावा लागतो. टंचाईच्या दिवसांत एवढं पाणी सोडून देणं जिवावर येतं. या वेळी मुलांनी बादल्यांची रांग लावून ते आवारातल्या झाडांना आणि पाणपोईच्या जागेवर टाकलेल्या वाळूला घातलं. रांजणाखालची वाळू ओली असली की पाण्याला गारवा धरतो, ती आयती भिजली.

नवे रांजण दोन दिवस भरून ठेवले आहेत. ते पाणी फेकायचं, मगच प्यायचं पाणी भरायचं. नाही तर मातीचा वास जात नाही आणि लोक एक घोट घेऊन ग्लास ठेवून देतात.

3 एप्रिल, बुधवार

पाणपोई कालपासून सुरू. रांजण तिवईवर, खाली वाळू, अंगाला ओलं गोणपाट, तोंडावर लाकडी झाकण. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं, आणि ते फक्त पाणी देणाऱ्याच्या हातात. गिऱ्हाइकाने हात बुडवायचा नाही हा नियम पहिल्या दिवशीच कडक केला. पाणी सकाळी भरताना क्लोरीन टाकून अर्धा तास झाकून ठेवायचं. हे काम रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांनी घेतलं आहे. ते घड्याळ बघूनच झाकण काढतात, लोक ताटकळले तरी.

पाळ्या : सकाळी भगिनी मंडळ, दुपारी बारा ते चार तरुण संघ. ही सगळ्यात वाईट पाळी. ज्यांनी पाटीवर वचन मागितलं होतं त्यांनीच ती मागून घेतली.

8 एप्रिल, सोमवार

एका पक्षाचे कार्यकर्ते थंड पाण्याचे जार घेऊन आले. रोज वीस जार फुकट, फक्त प्रत्येकावर स्टिकर. पोरांची चलबिचल झाली, कारण दुपारी दोनपर्यंत रांजण तळाला जातात. जार परत पाठवले. आचारसंहिता हे कारण पुढे केलं, ते सोयीचं पडलं. आचारसंहिता नसती तरी परतच पाठवले असते.

11 एप्रिल, गुरुवार

परवा पाडवा झाला. आमच्या तेलुगू घरांत त्याला उगादी म्हणतात. आज ईद. ऑटो स्टँडवरचे चाचा रोजा असतानाही गेला आठवडाभर दुपारी येऊन ताटव्यावर पाणी मारून जात होते. स्वतः थेंब प्यायचे नाहीत. आज पोराला घेऊन आले आणि दोन ग्लास पाणी रिचवून, शिरखुर्म्याचा डबा देऊन गेले. दुपारच्या पाळीची पोरं बारा वाजायच्या आतच हजर झाली, हे नोंदवून ठेवतो.

14 एप्रिल, रविवार

आंबेडकर जयंती. मिरवणुकीच्या वाटेवर बौद्ध तरुणांची स्वतःची पाणपोई आणि मठ्ठा होता. आमच्याकडचे दोन रांजण आज तिकडे नेऊन ठेवले. एकाच रस्त्यावर शंभर पावलांवर दोन पाणपोया मांडून स्पर्धा करायची गरज नव्हती. संध्याकाळची उपासना अर्धा तास पुढे ढकलली, कारण अर्धी मंडळी मिरवणुकीतच होती. त्यातल्या कित्येकांची सोयरीक दोन्हीकडे आहे.

19 एप्रिल, शुक्रवार

मतदान. पाणी फक्त रस्त्यावर, केंद्राच्या आसपास जायचं नाही. म्हाताऱ्या माणसांना सकाळीच मतदान करून घ्या असं कालच घरोघर सांगितलं होतं. बाकी विशेष नाही.

28 एप्रिल, रविवार

आजची नोंद जरा लांबणार.

दुपारी दीडच्या सुमाराला गाडीतून उतरलेलं एक कुटुंब पाणपोईवर थांबलं. बरोबर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. ती खाली बसली ती उठेचना. "टोंगळे दुखते जी, अन् पाठ," एवढंच म्हणत होती. टोंगळे म्हणजे गुडघे. ऊन लागलं असं सगळ्यांना वाटलं. कुणी कांदा आणला, कुणी ओला दुपट्टा डोक्यावर ठेवला. पाळीवरची आमची नर्सिंगची विद्यार्थिनी मात्र तिचे डोळे बघत होती. पिवळसर दिसत होते. तिने आईला हळूच विचारलं, "सिकलसेल आहे का हो?" आई आधी नाही म्हणाली. मग पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेलं कार्ड काढलं. एसएस पॅटर्न, म्हणजे नुसती वाहक नाही, प्रत्यक्ष आजारच.

या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. अंगातलं पाणी कमी झालं की हे झपाट्याने होतं. म्हणजे दर उन्हाळा या मुलीला धोक्याचा, आणि गर्दीच्या डब्यात संडासला जावं लागू नये म्हणून ती सकाळपासून पाणी न पिता आली होती. तिला थोडं थोडं पाणी पाजत ऑटोतून रुग्णालयात नेलं. भाडं चाचांनी घेतलं नाही.

आई कार्ड का लपवत होती, हे तिला कुणी विचारलं नाही. मुलगी लग्नाची होत आली आहे.

5 मे, रविवार

पाणपोईवर दोन गोष्टी वाढवल्या. एक म्हणजे ओआरएसची पाकिटं, आशाताईंनी (वस्तीतल्या आशा आरोग्यसेविका) दिली. ती संपली तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण खडूने पाटीमागे लिहून ठेवलं. दुसरी म्हणजे बसायला बाक. उभ्याने पाणी पिऊन माणूस लगेच चालू लागतो. बसला की दोन ग्लास पितो आणि कुठे दुखतंय तेही सांगतो.

उद्यापासून मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, सकाळी सात ते साडेनऊ. त्यानंतर एकही मूल आवारात थांबणार नाही याची जबाबदारी संडे स्कूलच्या बाईंची.

12 मे, रविवार

बायबल शाळा पार पडली. आजूबाजूच्या घरांतलीही मुलं आली. त्यांच्या पालकांना आधी भेटून, काय शिकवतो ते सांगून, हो म्हणाले तरच घेतली. गाणी, चित्रं, शेवटच्या दिवशी नाटुकलं आणि रसना.

19 मे, रविवार

समितीची बैठक, आशाताई आणि रुग्णालयातल्या समुपदेशक ताई पाहुण्या. विषय सिकलसेल. विदर्भात हा आजार आदिवासी समाजात आहे तसाच दलित आणि इतर मागास समाजातही बराच आहे. आमच्या मंडळीत या सगळ्यांची घरं आहेत. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं. 2047 पर्यंतचं उद्दिष्ट आहे आणि आजार असलेल्या आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची आहे. म्हणजे यंत्रणा आहे, किट आहेत, लोक तपासणीला येत नाहीत.

ताईंनी फळ्यावर चौकट काढली. एएस म्हणजे वाहक. त्याला स्वतःला सहसा काही होत नाही. एक जण एएस आणि दुसरा सर्वसाधारण असेल तर मूल वाहक होऊ शकतं, पण रोगी नाही. दोघेही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची. इथे एका काकूंनी विचारलं, "मंग पहिलं एसएस झालं त बाकीचे तीन सुटले ना?" ताई म्हणाल्या, "नाही काकू, दर वेळी पत्ते नव्याने पिसायचे." असाच हिशेब करून बसलेले दोघे-तिघे तरी खोलीत असावेत, कारण एकदम शांतता झाली.

ठरलं : जागतिक सिकलसेल दिनी, 19 जूनला, आमच्या सभागृहात तपासणी. सगळ्यांना खुली. बॅनर रुग्णालयाचा, जागा आणि चहा आमचा.

27 मे, सोमवार

नवतपा (उन्हाळ्यातले कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. बारा ते चारची पाळी बंद करून पोरांना घरी पाठवलं. पाणी देणारेच आडवे झाले तर उपयोग काय? रांजण भरलेले, झाकण लावलेले, चाचा अधूनमधून लक्ष ठेवतात. संध्याकाळी पाच ते नऊ नवी पाळी. तीच जास्त चालते आहे, हे मेच्या सुरुवातीलाच करायला हवं होतं असं काकांचं म्हणणं. बरोबर आहे.

1 जून, शनिवार

परवा नागपुरात 56 अंश झाल्याची बातमी दिवसभर मोबाइलवर फिरत होती. मग हवामान खात्याने तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. इथे कुणाला ती खोटी वाटली नव्हती.

9 जून, रविवार

जुन्या पुस्तकांचं संकलन. यंदा विदर्भात शाळा 1 जुलैला उघडणार, म्हणून आपल्याला वेळ मिळतो. इतकी वर्षं पहिलीपासून सगळी पुस्तकं गोळा करायचो. आता त्याला अर्थ उरला नाही. गेल्या वर्षीपासून (2023-24; ही पद्धत पुढे 2025 मध्ये बंद झाली) आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं आली आणि पुस्तकाचे चार भाग झाले. मुलं त्यातच लिहितात, मग ते पुस्तक दुसऱ्याला देणार कसं? तसंही सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं मोफतच मिळतात. पैसा आणि मेहनत नववी ते बारावीवर लावायची, तिथे घरच्यांची खरी ओढाताण होते. अकरावी-बारावी सायन्सचे संच सगळ्यात आधी संपतात. दप्तरं वाटायचा प्रस्ताव फेटाळला. दप्तर वाटताना फोटो छान येतो, एवढाच त्याचा फायदा.

19 जून, बुधवार

तपासणी. बाक भिंतीला सरकवून तीन टेबलं लावली : नाव, रक्त, समुपदेशन. सोल्युबिलिटी टेस्ट मी पहिल्यांदाच जवळून बघितली. बोटाच्या टोकाचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात, थोडा वेळ थांबतात, मग नळी रेघा मारलेल्या कागदापुढे धरतात. मागच्या काळ्या रेघा आरपार दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा गायब झाल्या तर पॉझिटिव्ह. पण पॉझिटिव्ह म्हणजे वाहक की रोगी, हे या टेस्टला सांगता येत नाही. त्यासाठी रक्त पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या तपासणीला जातं.

सकाळी फक्त आमचेच लोक. अकरानंतर ऑटो स्टँड रिकामा होऊन आला, चाचांनी सगळ्यांना ओळीने आणलं. जयंतीच्या पाणपोईवाल्या पोरांनी त्यांच्या वस्तीतली लग्नाळू मुलं-मुली आणली. अक्कांनी वयात बसत नसतानाही बोट पुढे केलं, "माझं झालं की बाकीच्या घाबरणार नाहीत." टेक्निशियनने वहीत न लिहिता त्यांची टेस्ट करून टाकली.

दुपारी एक बाप मुलाला घेऊन आला आणि पॉझिटिव्ह कळल्यावर टेबलाशी भांडला. किट खराब आहे म्हणाला. ताईंनी त्याला ओसरीत नेलं. अर्ध्या तासाने परत येऊन त्याने स्वतःचं बोट पुढे केलं.

23 जून, रविवार

एक अडचण येणारच होती, ती आज आली. आमच्यात उपासनेत प्रार्थना विनंत्यांच्या चिठ्ठ्या वाचतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, सगळं नावानिशी. आज एका चिठ्ठीत एका मुलीचं नाव आणि पुढे 'सिकलसेल पॉझिटिव्ह'. लिहिणाऱ्या मावशींचा हेतू चांगलाच होता. पास्टरांनी नजर टाकून ती चिठ्ठी पुस्तकात ठेवली आणि पुढची वाचली.

उपासनेनंतर समिती तिथल्या तिथे बसली. नियम केला : आजाराची विनंती नावाने वाचायची तर ती ज्याची आहे त्याच्याच तोंडून आलेली हवी. तपासणीचे रिपोर्ट मंडळीत कुणाकडेही राहणार नाहीत, पास्टरांकडेही नाहीत, माझ्या वहीतही नाहीत. रुग्णालय आणि ते कुटुंब, बस्स. काहींना हे परकेपणाचं वाटलं. एकमेकांचं ओझं वाहायचं तर ओझं माहीत नको का, असा प्रश्न आला. माझं मत वेगळं आहे. एप्रिलमधली ती आई कार्ड पिशवीच्या तळाशी ठेवत होती, ते आपल्यासारख्या चांगल्या हेतूच्या लोकांपासूनच.

30 जून, रविवार

पुस्तकं वाटली. पाणपोई बंद केली, पाऊस लागला आहे. तीनपैकी एका रांजणाला बारीक चीर. तो भगिनी मंडळाने पुदिन्यासाठी नेला.

ज्यांच्या घरी एसएस निघालं आहे त्यांच्यासाठी ताईंनी दिलेली माहिती एका कागदावर छापून घेतली : फोलिक ॲसिडची गोळी रोज, हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टर सांगतील तसं, पाणी भरपूर, एसटीत मोफत प्रवासाची सवलत, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल येतो म्हणून प्रमाणपत्रासाठी अर्ज. हा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. सायबर कॅफेवाले त्याचे पैसे घेतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी तरुण संघ सभागृहात बसून भरून देईल. कागद सगळ्यांनाच दिला, कुणाला लागू आहे ते न विचारता.

14 जुलै, रविवार

सभासदांची सभा, उन्हाळ्यातल्यापेक्षा जास्त गर्दी. प्रस्ताव : ख्रिस्ती विवाह कायदा 1872 नुसार लग्नाची नोटीस आली की पास्टरांनी दोघांचाही सिकलसेल रिपोर्ट मागावा, नाही तर लग्न लावू नये.

मी विरोधात बोललो. नोटीस येते तेव्हा साड्या घेऊन झालेल्या असतात, हॉलचा ॲडव्हान्स गेलेला असतो, पाहुण्यांची तिकिटं काढलेली असतात. त्या वेळी रिपोर्ट मागून काय साधणार? एक तर खोटा कागद येईल, नाही तर ऐनवेळी लग्न मोडेल आणि खापर मुलीवर फुटेल. दोन वाहकांनी लग्न करूच नये असंही नाही. गरोदरपणात तपासणी होते, सल्ला मिळतो, पण आधी माहीत असलं तर. ज्याचं त्याला पंधरा-सोळाव्या वर्षीच माहीत हवं, स्थळं बघायच्या आधी. उशीर झाल्यावर दारात अडवण्यापेक्षा ते बरं.

दीड तास चर्चा. सक्तीचा प्रस्ताव पडला, मतांचा फरक थोडाच. दुरुस्ती मंजूर झाली : दहावीच्या वर्गातल्या प्रत्येक मुलामुलीची तपासणी व्हावी म्हणून वर्षातून दोनदा रुग्णालयाची टीम बोलवायची. रिपोर्ट त्या मुलाच्या आणि पालकांच्याच हातात. नोटिशीच्या वेळी पास्टर माहिती देतील, कागद मागणार नाहीत. अक्कांनी सक्तीच्या बाजूने मत दिलं आणि बाहेर पडताना मला तसं ऐकवलंही.

पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीच्या आधी. किट किती लागतील तो आकडा आशाताईंना बुधवारपर्यंत कळवायचा. संडे स्कूलची यादी बाईंकडून, ऑटो स्टँडवरची चाचांकडून, वस्तीची जयंती मंडळाच्या पोरांकडून घ्यायची.